नवरदेव किल्टमध्ये आणि मी पैठणीत, बरं दिसेल का?

तुम्ही विचारलंय की होणारा नवरा स्कॉटलंडमधल्या एडिनबराचा आहे, त्याला लग्नात किल्टच, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा चुण्यांचा पारंपरिक पोशाख, घालायचाय, तुम्हाला आईची पैठणी नेसायचीय, आणि घरचे म्हणतायत की मुलगा स्कर्ट घालून बोहल्यावर उभा राहणार का. माझं लग्न अगदी असंच झालंय, नवरा ग्लासगोजवळचा, मी साताऱ्याची, एकदा तिकडे लागलं आणि एकदा इकडे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बिनधास्त करा. फक्त त्याने त्याचं पूर्ण घालावं आणि तुम्ही तुमचं पूर्ण नेसा, अर्धं हे अर्धं ते करू नका. आम्हालाही बऱ्याच जणांनी सुचवलं की किल्टवर शेरवानी घाल म्हणजे दोन्हीकडचे खूश. आम्ही घरी घालून बघितलं तर शेरवानी गुडघ्यापर्यंत आली आणि किल्टही गुडघ्याच्या मध्यापर्यंतच असतो, म्हणजे सगळा टार्टन, किल्टचं ते चौकड्याचं कापड, झाकला गेला आणि खाली नुसते लोकरीचे मोजे दिसायला लागले. किल्टवरचं जॅकेट आखूड शिवतात ते कापड दिसावं म्हणूनच. फेटा मात्र फार सुंदर दिसतो त्यावर, आणि मुंडावळ्यासुद्धा.

घरच्यांचं म्हणाल तर माझ्या आजीचंही हेच होतं, स्कर्ट. मग नवऱ्याने काही न बोलता किल्ट आणून तिच्या पलंगावर पसरला. आजीने आधी सवयीने काठ शोधला, मग चष्मा लावून मागच्या चुण्या बोटाने एकेक करून उलगडून बघितल्या, आणि प्रत्येक चुणीवर चौकड्याची तीच रेघ बरोबर त्याच जागी आलीये हे बघून म्हणाली, हे हाताने घातलंय का, कापड किती लागलं? पारंपरिक किल्टला आठ वार लागतं. तर आजी, "म्हणजे नऊवारीला एकच वार कमी की, आणि निऱ्या तेवढ्या मागे घेतल्यात." (हल्ली कापड दुप्पट पन्ह्याचं येतं म्हणून चार वार घेऊन मधून उभं कापून जोडतात, पण हिशोब तोच.) त्यानंतर आमच्याकडे स्कर्ट हा शब्द कोणी काढला नाही. तुम्हीही फोटो दाखवण्यापेक्षा प्रत्यक्ष किल्ट हातात द्या, आणि हेही सांगा की कलोडनच्या लढाईत ब्रिटिश राजाविरुद्ध उठलेले बंडखोर हरल्यावर १७४६ साली कायदा करून हायलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली होती, ती उठली थेट १७८२ मध्ये. इतकी वर्षं बंदी सोसून टिकलेलं कापड आहे ते, त्यांच्यासाठी ते आपल्या पैठणीइतकंच मानाचं.

आता रंग. साडी टार्टनला मॅच करायला जाऊ नका, खूप भडक होतं. टार्टनमध्ये एखादी बारीक रेघ असते ना, पिवळी किंवा जांभळी, तो रंग साडीच्या काठात येऊ द्या, बास. नवऱ्याचा टार्टन गडद निळा-हिरवा असेल तर राणी कलर किंवा कुसुंबी बहार आणतो, मोरपंखी मात्र त्यात हरवून जातो. लाल टार्टन असेल तर लाल साडी अजिबात नको.

आणि एक गोष्ट जी मला तिकडे गेल्यावर कळली आणि अजून आनंद देते. ग्लासगोला लागून पेझली नावाचं गाव आहे, १९व्या शतकात तिथले विणकर काश्मिरी शालींच्या नकला विणायचे, इतक्या विणल्या की इंग्रजीत आपल्या कोयरीलाच त्या गावाचं नाव पडलं. माझ्या सासूबाईंकडे त्यांच्या आजीची तसली शाल आहे, कडा विरलेल्या, पण कोयऱ्या अजून ठसठशीत. मी पदरावर कोयऱ्या असलेली साडी घेतली आणि सासूबाईंनी ती शाल खांद्यावर घेतली. फोटोत बाकी काही जुळवावंच लागलं नाही.

तुमच्या भावाला किल्ट घालायचा असेल तरी खुशाल घालू दे, त्यासाठी कुठल्या क्लॅनचं, म्हणजे तिकडच्या कुळाचं, असायला लागत नाही, ब्लॅक वॉच नावाचा टार्टन कोणीही घालतं. बालमोरल टार्टन तेवढा राजघराण्याचा, तो सोडून. तिथल्या शीख कुटुंबांसाठी सिंग टार्टनसुद्धा आहे.

मांडवातल्या अडचणी मात्र आधीच बघून ठेवा. पुढे लटकते ती पिशवी, स्पोरन, चामड्याची असते, पट्टाही चामड्याचा, त्यामुळे होमाआधी काढून ठेवायचं का हे गुरुजींना आधी विचारून घ्या, आम्ही काढलं. बुटांच्या नाड्या घोट्यावर गुंडाळलेल्या असतात, त्या सोडायला वेळ लागतो, मुहूर्ताच्या पंधरा मिनिटं आधी सुरुवात करा. पाटावर मांडी घालून तासभर बसणं किल्टमध्ये जमत नाही, उंच चौरंग मागवा, आणि आत काय घालायचं याची चर्चा न करता शॉर्ट घालायला सांगा. मोज्यात खोचायची छोटी सुरी विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये टाका. लोकर जाड असते, आम्ही डिसेंबरमध्ये केलं तरी त्याला घाम फुटला, मे महिन्यात करणार असाल तर हलक्या वजनाचं कापड भाड्याने घ्या.

गाठ बांधायला आम्ही माझा शेला आणि त्याच्या टार्टनची एक पट्टी घेतली. स्कॉटलंडमध्येही लग्नात हातांना कापड बांधायची पद्धत आहे, त्यामुळे त्याच्या घरच्यांना सांगावंच लागलं नाही काय चाललंय ते. पण रेशीम लोकरीवर टिकेना, दोनदा सुटली. शेवटी मावशीने सुपारी, हळकुंड आणि नाणं आत घालून आवळली, मग बसली.

तिकडच्या रिसेप्शनला 'केली' (ceilidh) असतो, त्यांचा गोल गिरक्या घेत हात बदलत नाचायचा प्रकार. त्याला पाचवारी नेसू नका, निऱ्या पायात येतात, मी नऊवारी नेसले होते, काष्टा घट्ट आणि पदर कमरेला खोचलेला, रात्री बारापर्यंत नाचले आणि एक पिनसुद्धा हलली नाही.