उंदराचा ‘वाण’ की उंदराची ‘प्रजाती’?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे. संसर्गावरच्या एका लेखात ‘माउस स्ट्रेन’ (एकाच जातीच्या उंदरांमधलं ठरावीक घराणं) हा शब्द पानोपानी येतो. संगणकाने त्याचे ‘उंदरांचे ताण’ केले. ते खोडून त्यांनी ‘प्रजाती’ लिहिले, पण मन मानेना.

मन बरोबर सांगतंय. प्रयोगशाळेतले हे उंदीर, काळे असोत की पांढरे, जवळजवळ सगळे एकाच जातीचे: मस मस्क्युलस, आपल्या घरात फिरणारा तो लहानसा उंदीर. ‘प्रजाती’ वाचल्यावर वाचक घूस आणि उंदीर असा फरक डोळ्यांपुढे आणणार. ‘जात’ गीर-खिलारला शोभते, पण शास्त्रात ‘जाती’ म्हणजे स्पीशीज, मग तोही घोळच.

मी ‘वाण’ लिहीन. तो वाण, संक्रांतीला लुटतात ते वाण नव्हे. मुरबाड-शहापूरकडच्या बियाण्यांच्या दुकानात याची नेमकी भाषा मिळते: ‘सरळ वाण’ आणि ‘संकरित वाण’. सरळ वाणाचं घरचं बी राखून पेरलं तरी पीक तसंच येतं. भाताचं हे फुकटात होतं, कारण तो स्वतःच्याच परागाने फळतो. उंदरांच्या बाबतीत सख्ख्या भावाबहिणींची जोडी सलग किमान २० पिढ्या लावावी लागते, तेव्हा कुठे त्या वाणाचे सगळे उंदीर जुळ्यांसारखे एकसारखे होतात. (याला कृपया ‘भावाबहिणींचा संकर’ लिहू नका. संकर म्हणजे बरोबर उलटं.) खारघरला प्रयोगशाळेत काम करणारी माझी भाची सरळ ‘ब्लॅक सिक्स’ आणि ‘बाल्ब-सी’ म्हणते. ही वाणांची नावं, ‘कर्जत-३’सारखीच. ती जशीच्या तशी ठेवावीत.

ताई, आता तुमच्या अनुवादातल्या आणखी एका वाक्याकडे येतो: ‘बाल्ब-सीची प्रतिकारशक्ती कमी असते.’ माझ्या मते खरी चूक इथे आहे. लिशमॅनिया मेजर हा परजीवी दोन्ही वाणांना सारखाच टोचला, तर काळ्या ब्लॅक सिक्सची जखम काही आठवड्यांत भरते. पांढऱ्या बाल्ब-सीची चिघळत जाते आणि आजार अंगभर पसरतो. पण बाल्ब-सीचं शरीर काही स्वस्थ बसलेलं नसतं. काळ्याच्या मदतनीस टी-पेशी (प्रतिकाराला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी) इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडतात. त्याने जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी चेतवल्या जातात आणि स्वतःच्या आत दडलेला परजीवी मारतात. पांढऱ्याकडे जोर असतो इंटरल्युकिन-४ या दुसऱ्या संदेश-प्रथिनाचा. प्रतिपिंडं (जंतूंना चिकटणारी रक्तातली प्रथिनं) भरपूर तयार होतात, पण परजीवी पेशीच्या आत बसलाय, तिथे ती पोचणार कशी? हाच प्रतिसाद आतड्यातल्या जंतांवर मात्र कामाला येतो. साल्मोनेला या जिवाणूची गोष्ट आणखी निराळी: तिथे काळा आणि पांढरा दोघेही लवकर आडवे पडतात, कारण एनरॅम्प-१ या जनुकाची कमकुवत आवृत्ती दोघांतही आहे. ‘१२९’ नावाचा वाण तगतो. तेव्हा ‘शक्ती कमी’ नको, ‘प्रतिकार-प्रतिसाद वेगळा’ लिहा, आणि कोणत्या जंतूविरुद्ध ते त्याच वाक्यात सांगा.

वाणाच्या पोटात आणखी फाटे फुटतात, त्यांना ‘उपवाण’ म्हणता येईल. सी३एच वाणाच्या ‘एचईजे’ उपवाणाला काही जिवाणूंच्या आवरणातलं विष जाणवतच नाही. त्याच्या जवळच्या उपवाणांना ते चांगलंच बाधतं. दोष टीएलआर-४ या एका जनुकात आहे, हे १९९८ साली ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने दाखवलं. बॉयटलर २०११ च्या नोबेलचे एक मानकरी झाले.

जंतूंच्या स्ट्रेनला मात्र ‘वाण’ नको. तिथे ‘उपप्रकार’ किंवा सरळ ‘स्ट्रेन’ ठेवा, नाहीतर एकाच वाक्यात उंदराचा वाण आणि जंतूचा वाण येऊन वाचक गोंधळेल.

‘वाण’ मुळात ‘वर्ण’वरून, म्हणजे रंग. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ यातला वाण तोच. गंमत म्हणजे म्हण पिंजऱ्यातही खरी ठरते. दोन वाण एकत्र ठेवले की उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, आतड्यातले जिवाणू इकडचे तिकडे होतात आणि प्रतिकार-प्रतिसादही थोडाफार बदलू शकतो. म्हणून भाचीकडे दोन वाणांची तुलना करताना आधी विचारतात, पिंजरा एक होता की दोन.