गोव्याची मतं पक्षाच्या रकान्यात भरू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि माझेच जुने दिवस आठवले. प्रबंधासाठी गोव्याच्या 2007 ते 2022 या चार विधानसभा निवडणुकांची पक्षनिहाय टक्केवारी तुम्ही काढलीत, सत्तरी तालुक्यातले आकडे कशालाच जुळेनात, मार्गदर्शकांनी प्रकरण परत केलं, आणि मतदान केंद्रनिहाय आकडे मागितले तर निवडणूक कार्यालयात कुणी दाद देत नाही. मी डिचोलीचा. एम.फिल.साठी हाच विषय घेतला होता आणि याच जागी माझं एक अख्खं वर्ष गेलं.

टक्केवारी कशी काढायची, कोष्टक कसं मांडायचं हे तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. माझी चूक कुठे झाली तेवढं नीट सांगतो.

सत्तरीतला वाळपई मतदारसंघ घ्या. विश्वजित राणे तिथून 2007 साली अपक्ष निवडून आले. 2012 साली काँग्रेसकडून. 2017 च्या फेब्रुवारीत पुन्हा काँग्रेसकडून, आणि राजीनामा देऊन त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या पोटनिवडणुकीत भाजपकडून. मी हे सगळं पक्षाच्या रकान्यांत भरलं आणि त्यावर वीस पानं लिहिली: अपक्षांचा ऱ्हास, काँग्रेसचा उदय, मग सहा महिन्यांत भाजपची लाट. खाणबंदीपासून नोटाबंदीपर्यंत कारणंही शोधून जोडली. एका चर्चासत्रात ते वाचलं तेव्हा सत्तरीतले एक वयस्कर शिक्षक उठले आणि शांतपणे म्हणाले, "बाबा, लोक थंयच आसात. मनीस तोच, फकत निशाणी बदल्ली." वीस पानं त्या एका वाक्यात गेली. सत्तरीत लाटबिट काही आलीच नव्हती.

पर्वरीचंही तसंच. रोहन खंवटे 2012 आणि 2017 मध्ये अपक्ष, 2022 मध्ये भाजप. दाबोळीत माविन गुदिन्हो 2012 ला काँग्रेस, 2017 ला भाजप. निवडून आल्यावरचं पक्षांतर तर वेगळंच: जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर 2022 मध्ये आठ. मत दिलं त्या दिवशीचा पक्ष आणि आज विधानसभेत दिसणारा पक्ष एकच धरून चालू नका.

आता कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, आणि सगळीच तशी नसतात हेही खरं. फॉर्म 20 म्हणजे केंद्रनिहाय मतांचा अंतिम तक्ता. तो मागायला गेलो तर आधी सांगितलं जुने कागद गोदामात आहेत. मग पणजीला जा. पणजीहून परत तिथेच. साहेब रजेवर, शिपायाकडे चावी नाही. शेवटी माहिती अधिकारात अर्ज केला, तेव्हा चार महिन्यांनी धूसर छायाप्रती मिळाल्या. हा सार्वजनिक कागद आहे, तो मागणाऱ्याला असं दारोदार फिरवणं मला आजही सहन होत नाही. तुम्ही तोंडी विचारत बसू नका, पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि हो, त्या प्रतींत वर फक्त उमेदवारांची नावं होती. पक्ष नव्हताच. तो मी घरी बसून चिकटवला होता.

दुसरी अडचण तुमच्या कोष्टकात नक्की आहे. 2012 पासून मतदारसंघांची फेररचना लागू झाली. पाळी आणि पैंगीण हे मतदारसंघ गेले, पर्वरी नवा आला. त्यामुळे 2007 चा केंद्र क्रमांक 2012 च्या क्रमांकासमोर ठेवलात तर दोन वेगळे वाडे, म्हणजे वस्त्या, तुम्ही एकच समजाल. गावाच्या आणि शाळेच्या नावाने जुळवा. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही.

माझं मत असं, आणि मी काही तज्ज्ञ नाही: गोव्यात मतदारसंघ इतका लहान असतो की आमदार प्रत्येक वाड्यावर ओळखीचा असतो. 2022 मध्ये फोंड्यात रवी नाईक 77 मतांनी जिंकले, सांत आंद्रेत 76 मतांनी निकाल लागला. एवढी मतं दोन-तीन मोठ्या घरांत असतात. म्हणून उमेदवाराच्या नावाचा रकाना आधी, पक्षाचा नंतर. लोकसभेला मात्र हे उलटतं, तिथे पक्ष जास्त चालतो. दोन्ही एका तक्त्यात घालू नका.

'हिंदू म्हणजे भाजप, ख्रिस्ती म्हणजे काँग्रेस' हे गृहीतकही काढा. 2012 मध्ये भाजपने ख्रिस्ती उमेदवार उभे केले आणि ते निवडून आले. त्याहून जुना पुरावा 1967 चा. 16 जानेवारीच्या जनमत कौलात दोन पानांना (गोवा वेगळा ठेवा) 1,72,191 मतं, फुलाला (विलीन करा) 1,38,170. म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण नको. आणि मार्चच्या निवडणुकीत त्याच लोकांनी विलीनीकरणवादी मगोला (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला), म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांना, पुन्हा सत्तेवर बसवलं. कूळ-मुंडकारांचा (दुसऱ्याच्या जमिनीवर कसणाऱ्या-राहणाऱ्यांचा), बहुजन समाजाचा भाऊंवर विश्वास होता, आणि गोवा वेगळा राहावा असंही त्यातल्या अनेकांना वाटत होतं. आमच्या मराठी माणसांना हे दुखतं, मलाही दुखलं, पण प्रबंधात ते जसं आहे तसंच लिहा.

सत्तरीचं प्रकरण पुन्हा लिहिण्याआधी एक दिवस वाळपईच्या बाजारात काढा. सोबत फक्त उमेदवारांच्या नावांची यादी न्या आणि प्रत्येक नावापुढे कोणता वाडा कुणाबरोबर होता ते तिथल्याच जुन्या पंचांना (पंचायत सदस्यांना) विचारून लिहून घ्या.