सत्तर हजारांची सायकल आणि अकरा लाखांची ठेव

पत्र थोडक्यात असं आहे : "वय ४७. वाळूज एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत प्रॉडक्शन सुपरवायझर, हातात ६२,००० येतात. पत्नी घरी शिवणकाम करते. मुलगी अकरावीत, मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी लातूरला ठेवलीय. मामा मस्कतला होते, त्यांनी १९८७ साली माझ्यासाठी इंग्लंडच्या रॅले कंपनीची बर्नर ही बीएमएक्स, म्हणजे उड्या मारायची छोट्या चाकांची सायकल आणली होती. ती गावाकडं माळ्यावर सापडली. मूळ रूपात उभी करायची म्हटलं तर इंग्लंडहून जुने मॅग व्हील (तारांऐवजी जाड दांड्यांची प्लास्टिकची चाकं), स्टिकर, पॅड धरून ७०,००० लागतात. अशा सायकली दीड-दोन लाखांना विकायला लावलेल्या मी पाहिल्यात, म्हणून ही गुंतवणूकच समजतो. रविवारी चालवणारही आहे. समृद्धी महामार्गात वैजापूर तालुक्यातली जमीन गेली, त्या पैशातले ११ लाख एका मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीत साडेबारा टक्क्यांनी आहेत. गेले दोन महिने व्याज जरा उशिरा आलं, पण मॅनेजर आमच्या गावचेच आहेत. ठेव जानेवारीत संपते. तेव्हा ७०,००० काढून बाकी तिथंच तेरा टक्क्यांनी ठेवू, की ठेव अख्खी राहू देऊन सायकलीसाठी पर्सनल लोन घेऊ? एक पॉलिसीही आहे, वर्षाला ६०,००० भरतो, एजंट म्हणतो पंधरा वर्षांनी १५ लाख मिळतील."

नमस्कार.

तुम्ही सायकलीवर दोन पानं लिहिलीत आणि अकरा लाखांवर चार ओळी. मी उलटं करणार आहे, कारण त्या चार ओळींतलं एक वाक्य वाचून मी जागेवरून उठलो : "गेले दोन महिने व्याज जरा उशिरा आलं."

मल्टिस्टेटचं व्याज उशिरा येणं म्हणजे पगार उशिरा होणं नव्हे. ठेवीवरचं व्याज हे तिथलं सर्वांत आधी फेडायचं देणं असतं. ते थकायला लागतं तेव्हा आतली रोकड आटलेली असते. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत बीडपासून संभाजीनगरपर्यंत ठेवीदारांचे मोर्चे आपण पाहिले. माझ्याकडे त्यातली जी माणसं आली, त्यांची सुरुवात अशाच वाक्यानं झाली होती : आधी उशीर, मग "सर्व्हर डाऊन आहे", मग "पुढच्या सोमवारी या", मग शटर. तुमची संस्था बुडणारच, असं मी म्हणत नाही. पण हे वाक्य लिहूनही तुम्ही पुढच्याच ओळीत तेरा टक्क्यांनी पैसे परत ठेवायचं म्हणता, याची मला काळजी वाटते.

साडेबारा टक्के येतात कुठून, ते बघा. संस्था तुम्हाला साडेबारा देते. वर एजंटचं कमिशन, काचेचं ऑफिस, स्टाफ. म्हणजे तिला कर्ज सतरा-अठरा टक्क्यांनी द्यावं लागतं. बँक अकरा-बाराला देत असताना अठराला कोण घेतो? ज्याला बँकेनं परत पाठवलं तो. तुमच्या बापाच्या जमिनीचे पैसे आज त्या माणसाच्या हातात आहेत.

आता गणित. ११ लाखांवर साडेबारानं वर्षाला १,३७,००० मिळतात. बँकेत साडेसहा टक्के धरा, तर ७१,०००. फरक ६६,०००, महिन्याला साडेपाच हजार. या साडेपाच हजारांसाठी अख्खे ११ लाख टांगणीला लावलेत. मुद्दल गेलं तर ते वरच्या व्याजातून भरून निघायला सतरा वर्षं लागतील. तुमची मुलगी दोन वर्षांत बारावी होईल.

बँकेतल्या ठेवीला ठेव विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला व्याज धरून ५ लाखांपर्यंत. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी मात्र बँक नाही. ती २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदलेली सहकारी संस्था आहे, तिचा निबंधक दिल्लीत बसतो, रिझर्व्ह बँक तिचे हिशेब तपासत नाही आणि तिथल्या ठेवीला एक रुपयाचाही विमा नाही. तुम्हाला शंभर-पाचशेचा शेअर देऊन 'सभासद' केलं असेल. कागदावर तुम्ही त्या संस्थेचे एक मालक आहात. पासबुक, काउंटर, टोकन सगळं बँकेसारखं दिसतं, म्हणून माणसं फसतात. ती मूर्ख असतात म्हणून नव्हे.

जानेवारीची वाट पाहू नका. या सोमवारीच मुदतपूर्व ठेव मोडण्याचा लेखी अर्ज द्या. कारण मुलीची फी, ते खरंही आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेऊन पोच घ्या. व्याजातले दोन टक्के कापले तर कापू द्या. एकदम सगळे देत नसतील तर जेवढे मिळतात तेवढे घ्या, पण एनईएफटी किंवा आरटीजीएसनं, स्वतःच्या बँक खात्यात. मूळ पावती पैसे खात्यात आल्याशिवाय हातातून सोडू नका, आधी तिच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवा. "नवीन पावती करून देतो, जुनी द्या" असं कुणी म्हणालं तर घरी निघून या. पुढच्या तारखांचे धनादेश देऊ केले तर घ्या, पण पावती तुमच्याकडेच राहू द्या. आणि मॅनेजर गावचे आहेत, हा आधार धरू नका. ते चांगले असतील, पण कर्ज कुणाला द्यायचं हे ते ठरवत नाहीत. संस्था अडचणीत आली तर पहिला राजीनामा त्यांचा पडेल.

पैसे अडकलेच, तर महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे, ज्याला एमपीआयडी म्हणतात. आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार होते, मालमत्ता जप्त होते, विकली जाते, वाटली जाते. यात वर्षं जातात. तो रस्ता असल्याचा धीर आज धरू नका.

मिळालेले पैसे कुठं ठेवायचे? साडेचार लाख एका बँकेत, साडेचार दुसऱ्या बँकेत, उरलेले दोन पत्नीच्या नावावर तिसरीकडे. साध्या मुदत ठेवी, एक-दोन वर्षांच्या. दोन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात घालायचा नसतो, त्यामुळे म्युच्युअल फंड या रकमेपुरते विसरा. लातूरचं सगळं जमलं आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं तर हे ११ लाख पुरतील. खासगीत गेली तर बहुतेक पहिलं वर्षसुद्धा जेमतेम भागेल. म्हणूनच यातला एक रुपयाही कुणाच्या भरवशावर ठेवायचा नाही. आणखी एक : वर्षाला १,३७,००० व्याज येतंय, ते रिटर्नमध्ये दाखवलंय का? पत्रात कुठं दिसलं नाही.

महिन्याचे साडेपाच हजार कमी झाले की घरात ते जाणवणार. त्याचा थोडाफार तोडगा तुमच्याच पत्रात आहे : ती पॉलिसी. ६०,००० गुणिले १५, म्हणजे ९ लाख भरून १५ लाख. ऐकायला भारी वाटतं. हिशेब केला तर हे सहा टक्के होतात. तेही बोनस एजंटच्या तोंडून निघाला तसा आला तर. सहा टक्क्यांसाठी पंधरा वर्षं पैसे कोंडून ठेवायचे, आणि पत्रासोबतच्या पानावर विमा रक्कम आहे ८ लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर ८ लाखांत तुमच्या घरचे किती दिवस काढतील? एक वर्ष. हा विमाही नाही आणि गुंतवणूकही नाही. ही पॉलिसी तुम्हाला विकली ती एजंटच्या कमिशनसाठी, आणि याचा मला दर वेळी राग येतो. चार हप्ते गेलेत, ते गेले. पॉलिसी पेड-अप करून घ्या, म्हणजे आतापर्यंत भरलेल्यावर ती कमी रकमेची चालू राहील, आणि पुढचं भरणं थांबवा. महिन्याचे पाच हजार सुटले. त्यातून साठ वर्षांपर्यंतचा पन्नास लाखांचा टर्म विमा घ्या, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा. तुमच्या वयाला साधारण पंधरा-वीस हजार वर्षाला पडेल. मात्र टर्मची पॉलिसी हातात आल्यावरच जुनीचा हप्ता थांबवा.

आता सायकल. तुमचा प्रश्न हाच होता, आणि तो मला आवडलाय.

सत्तर हजार घालून दोन लाख मिळतील हे डोक्यातून काढा. तुम्ही पाहिलेल्या किमती मागितलेल्या आहेत, मिळालेल्या नाहीत. बर्नर ही रॅलेनं १९८२ मध्ये आणली आणि इंग्लंडमध्ये ती पोरांनी डोक्यावर घेतली. म्हणजे ती दुर्मीळ नाही. उलट गेल्या काही वर्षांत कंपनीनं तीच सायकल मर्यादित संख्येत पुन्हा काढली. संग्राहक पैसे मोजतो ते मूळ रंगाला, मूळ स्टिकरला, फ्रेमवरच्या नंबरला. तुम्हीच लिहिलंय की १९९५ च्या सुमाराला गावातल्या पेंटरनं तिला निळा हात मारला. मूळ रंग तेव्हाच गेला. राहिलेला तुम्ही पावडर कोटिंगला देणार. आणि गिऱ्हाईक बर्मिंगहॅमला असेल, सायकल वाळूजजवळच्या पंढरपूर नाक्याला. त्यात रविवारी चालवणार म्हणता. विकण्यासाठी जपायची की चालवण्यासाठी उभी करायची, यातलं एक निवडा. माझं मत विचाराल तर चालवा. मामांनी नऊ वर्षांच्या पोराला दिलेली सायकल विकायला काढून तुम्हाला बरं वाटणार नाही.

चालवायची ठरली की खर्च एकदम खाली येतो. तुम्ही वाळूजमध्ये राहता, ही मोठी सोय आहे. ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग ओळखीच्या शेडमध्ये अडीच-तीन हजारांत होईल. रिम २० इंची आहेत. नव्या तारा घालून आऊट काढून घ्या, साडेतीन हजार. टायर-ट्यूब दीड हजार. छर्रे, कोन, चेन, फ्रीव्हील दोन हजार. ब्रेक, केबल, ग्रिप दीड हजार. स्टिकर हवेतच ना, ते मागवा, भाडं आणि सीमाशुल्क धरून तीन हजार. १४,००० झाले. जुने मॅग व्हील मागवू नका. चाळीस वर्षांचं प्लास्टिक उन्हानं कडक झालेलं असतं, उडी मारताना तडकतं, आणि तिथून इथपर्यंतचं भाडं चाकाच्या किमतीला भिडतं.

पर्सनल लोन नको. ७०,००० चौदा टक्क्यांनी दोन वर्षं घेतले तर दहा-अकरा हजार व्याज जातं, त्यात जवळपास अख्खी सायकल उभी राहते. दिवाळीच्या बोनसमधून करा, किंवा महिन्याला अडीच हजार बाजूला टाकत सहा महिन्यांत. घाई कशाचीच नाही.

१४,००० मध्ये मी हेल्मेट धरलेलं नाही. फुल फेस हेल्मेट, ग्लोव्ह्ज, कोपर-गुडघ्याचे पॅड, चार-पाच हजार वेगळे काढा. सत्तेचाळीसाव्या वर्षी माणूस पडतो तेव्हा हात पुढं टेकवतो आणि मनगट जातं. प्लेट टाकायचं ऑपरेशन खासगी दवाखान्यात लाखाच्या घरात जातं आणि सुपरवायझर दीड महिना घरी बसतो. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, म्हणून घरच्या सगळ्यांचा मिळून स्वतःचा पाच लाखांचा आरोग्य विमा (फ्लोटर) घ्या, प्रीमियमला पॉलिसीच्या सुटलेल्या पैशांतल्या उरलेल्यातलं काही लागेल. बँकेत जाल तेव्हा प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा फॉर्मही भरा : वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. मनगटाला त्याचा उपयोग नाही, पण वीस रुपयांत तो नसणं चुकीचं आहे.

फ्रेम ब्लास्टिंगला देण्याआधी सीटचा पाइप निघतो का बघा. तो ॲल्युमिनियमचा असेल तर इतक्या वर्षांत लोखंडात धरून बसलेला असतो, हातोडा न घालता तेल सोडून चार दिवस थांबा. ब्लास्टिंगनंतर, रंगाच्या आधी, हँडलच्या नळीमागच्या जोडावर आणि मागच्या चाकाच्या खाचांपाशी केसासारखी चीर आहे का ते तुमच्या कंपनीतल्या डाय पेनिट्रंटनं, म्हणजे चिरा दाखवणाऱ्या रंगीत द्रवानं तपासा. चीर निघाली तर वेल्डिंग करून उड्या मारू नका, ती सायकल मग गल्लीत फिरवण्यापुरती ठेवा. हँडलचा जुना स्टेम मात्र कसाही दिसला तरी बदला.

सोमवारी अर्ज दिलात की पोचेचा फोटो मला पाठवा. सायकलीचा फोटो त्यानंतर.