जेवण झालं, पुढचा तास कुठे गेला?

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवतो. शाळेत जेवण सुरू झाल्यापासून हजेरी चांगली आहे, पण रांगा, वाटप आणि हात धुण्यात बराच वेळ जातो. ‘शाळेची खाणावळ झाली,’ असं सहकारी म्हणतात. या जेवणानं मुलं खरंच जास्त शिकतात का?

उत्तर : शिकतात. मात्र जेवणानंतर शिकवणं झालं पाहिजे.

मी पहिली-दुसरीचे वर्ग घेतले आहेत. उपाशी मूल दंगा करतंच असं नाही. बऱ्याचदा ते गप्प बसतं, म्हणून आपल्या नजरेतून सुटतं. फळ्यावरचं मुकाट्यानं उतरवून घेतं, पण बेरजेतला हातचा त्याच्या लक्षात राहत नाही. अशा मुलाला ‘ढ’ म्हटलं जातं, याचा मला फार राग येतो.

भारतातल्या मध्यान्ह भोजनाचा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांपर्यंत जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभराहून कमी काळ जेवण मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त होते. गणितात हा फरक ९ टक्के होता. म्हणजे फळ दिसायला वर्षं लागतात. महिन्याच्या चाचणीवरून निकाल लावू नका.

तुमची वेळेबद्दलची तक्रार मात्र अगदी रास्त आहे. केनियातल्या बालवाड्यांमध्ये न्याहारी दिली, तेव्हा हजेरी ३० टक्क्यांनी वाढली. पण गुण वाढले ते फक्त अनुभवी शिक्षक असलेल्या ठिकाणी, आणि खाण्यापिण्यात शिकवण्याचा वेळ गेल्याचंही तिथे दिसलं. जेवण मुलाला वर्गात आणतं, त्याचं लक्ष टिकवतं. वाचायला शिकवणं आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून आठवडाभर एक नोंद ठेवा : जेवणाची घंटा किती वाजता झाली आणि पुढचा धडा प्रत्यक्षात किती वाजता सुरू झाला. सगळी शाळा एकदम उठवू नका, वर्ग थोड्या थोड्या अंतरानं सोडा. सकाळी काही न खाता शाळेत येणारी मुलं बरीच असतील, तर दिवसाच्या सुरुवातीलाच काही देता येईल का ते पाहा. दुपारच्या जेवणानं सकाळचा गणिताचा तास सुधारत नाही. ताटात लोह आहे का, हेही विचारा. रक्त कमी असलेलं मूल पोटभर जेवूनही लवकर थकतं.

ही नोंद घेऊन मुख्याध्यापकांकडे जा आणि वाटपासाठी वेगळा माणूस मागा. शिक्षकाच्या हातात त्या वेळी डाव नको, पुस्तक हवं.