दोन काट्यांच्या घड्याळाबद्दल

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तू पाठवलेले फोटो भिंगाखाली नीट पाहिले. घड्याळाची चांदीची अंडाकृती डबी, वर बारीक नक्षी, आणि विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे 1640 च्या आसपासचं काम. घ्यावं का, एवढंच तू विचारलंस. उत्तर देण्याआधी तबकडी पुन्हा एकदा बघ. तिच्यावर दोन काटे आहेत.

त्या काळच्या अंगावर बाळगायच्या घड्याळाला सहसा एकच काटा असे, तासाचा. मिनिटकाटा बसवता येत नव्हता असं नाही, पण बसवून उपयोग नव्हता. आतलं बॅलन्स चक्र, म्हणजे डोलून घड्याळाची चाल ठरवणारं चक्र, नुसतंच इकडून तिकडे ढकललं जायचं, त्याला परत खेचणारी स्वतःची कमान नव्हती. त्यामुळे चाल पूर्णपणे मुख्य कमानीच्या जोरावर अवलंबून. चावी दिल्यावर कमान जोरात असते, उलगडत गेली की ढिली पडते. हा फरक भरून काढायला फ्यूझी नावाचा निमुळता शंकू असे. त्याच्या खाचांतून आतड्याची दोरी आणि पुढे बारीक साखळी फिरे. युक्ती सुंदरच, तरी दिवसाकाठी पाव-अर्धा तास इकडे तिकडे होणं ठरलेलं. अशा यंत्राला मिनिटं विचारून काय करणार?

हे बदललं 1675 मध्ये. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने बॅलन्सला सर्पिल केसकमान, म्हणजे केसासारखी बारीक कमान, लावायची कल्पना पॅरिसमध्ये प्रसिद्ध केली आणि तिथल्या इझाक थ्युरे या घड्याळजीने तसं घड्याळ बनवून दिलं. लंडनमध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक खवळला, ही कल्पना आपलीच म्हणाला. त्याच वर्षी लंडनचा घड्याळजी थॉमस टॉम्पियन याने राजा दुसरा चार्ल्स याच्यासाठी घड्याळ केलं आणि हूकने हा शोध 1658 मध्येच लावला होता, असं त्यावर कोरलं. घड्याळावर कोरलेलं साल भांडणातला पुरावा म्हणूनही कोरलेलं असू शकतं, हे यातून लक्षात ठेवण्यासारखं. श्रेय कुणाचंही असो, त्यानंतर दिवसाची चूक काही मिनिटांवर आली आणि मिनिटकाटा रुळला.

मग तुझं घड्याळ खोटं का? तसं लगेच म्हणू नकोस. साल चुकीचं असू शकतं, तबकडी मागाहून घातलेली असू शकते. पण आणखी एक शक्यता आहे आणि ती बरीच आढळते: घड्याळ खरोखर 1640 चं, पण केसकमान आल्यावर मालकाने ते सुधारून घेतलं. त्याच्या दृष्टीने ती पुराणवस्तू नव्हतीच. चांगल्या किमतीचं, जुनं झालेलं यंत्र होतं. कारागिराकडे दिलं, केसकमान बसवून घेतली, दुसरी तबकडी आणि काटे लावून घेतले, पुन्हा वापरायला लागला.

हे ओळखायचं तर यंत्र डबीतून बाहेर काढून मागच्या पत्र्याचा फोटो मागव, उजेड तिरका पडेल असा. केसकमानीच्या आधीच्या घड्याळात वेग कमी-जास्त करायचा तर मुख्य कमानीचा ताणच बदलावा लागे. त्यासाठी या पत्र्यावर मळसूत्रासारखा दांडा आणि त्यात अडकणारं छोटं चक्र असे. नंतरच्या घड्याळात तिथे आकडे कोरलेली छोटी फिरती चकती दिसते, कारण आता केसकमानीची लांबी कमी-जास्त करायची असते आणि ताणाची व्यवस्था आत, दोन पत्र्यांच्या मधे गेलेली असते. सुधारलेल्या घड्याळात दोन्हींच्या खुणा सापडतात. मळसूत्राचा दांडा काढून टाकलेला असतो, पण त्याची भोकं पितळेने बुजवलेली असतात. सोनेरी मुलाम्यात तेवढे दोन ठिपके किंचित वेगळ्या रंगाचे दिसतात, डोळ्याला सवय झाली की चटकन. बॅलन्सवरचं जाळीदार आच्छादन, या धंद्यात त्याला कॉक म्हणतात, तेही बघ. जुन्या काळात ते लहान आणि बहुधा खिळीने बसवलेलं, नंतर मोठं, गोल आणि स्क्रूने आवळलेलं.

माझं सगळं म्हणणं इथेच येतं. ‘अस्सल की नकली’ हा प्रश्न सतराव्या शतकातल्या वस्तूंना पुरत नाही. साडेतीनशे वर्षं कुणाचाही हात न लागलेली वस्तू जवळजवळ नसतेच. ‘यातलं काय केव्हाचं?’ असं विचार. विकणारा या प्रश्नाला सरळ उत्तरं देत असेल, मूळ यंत्र अमुक काळातलं, केसकमान नंतरची, तबकडी त्याहून नंतरची असं स्वतःहून सांगत असेल आणि किंमतही त्या हिशेबाने लावत असेल, तर खुशाल घे. सुधारलेलं घड्याळ मला तरी कमअस्सल वाटत नाही. पण तो ‘सगळं मूळचंच आहे हो’ म्हणत राहिला, तर नमस्कार करून निघ.

हात न लागलेल्या वस्तू कशा टिकतात, तेही सांगतो. 1912 मध्ये लंडनच्या चीपसाइड भागात जुनी घरं पाडताना मजुरांना तळघराच्या जमिनीखाली दागिन्यांचा मोठा साठा सापडला. सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कुणीतरी पुरून ठेवलेला. त्यात कोलंबियाच्या एका भल्यामोठ्या पाचूत बसवलेलं घड्याळ आहे. ते सुधारलं गेलं नाही, वितळवलं गेलं नाही, कारण इतकी वर्षं ते कुणाच्या हातातच नव्हतं.

बाकीच्यांच्या नशिबी काय आलं? सोन्याच्या डब्या वितळल्या. मीनाकाम केलेल्या डब्या राहिल्या, आतली यंत्रं बदलली. एकोणिसाव्या शतकात तर जुन्या यंत्रांचे कोरीव कॉक काढून त्यांचे ब्रोच आणि हार करायची फॅशन आली, त्यापायी किती यंत्रं उघडी पडली असतील देव जाणे. म्हणून डबी एकाची, यंत्र दुसऱ्याचं दिसलं की दचकू नकोस. ते मुळातही तसं असे. मीनाकाम करणारे वेगळे, यंत्र करणारे वेगळे. पांढऱ्या मीन्यावर रंगीत चित्रं काढायची पद्धत 1630 च्या सुमारास फ्रान्समध्ये ज्यां तुतँने रूढ केली. पुढे फ्रान्समधलं ब्ल्वा आणि जिनिव्हा इथे ती बहरली, जिनिव्हाच्या युओ घराण्याच्या सह्या असलेल्या डब्या आजही नावाजल्या जातात. मीना एकदा टवकला की पुन्हा भट्टीत घालायची जोखीम सहसा कुणी घेत नाही, वरून रंग भरतात. अतिनील दिव्याखाली हा भरलेला भाग बहुधा वेगळा चमकतो. नावाजलेली सही बघून मात्र हुरळून जाऊ नकोस. अख्ख्या घड्याळात नक्कल करायला सगळ्यात सोपं काय असेल तर ते कोरलेलं नाव. त्यापेक्षा चक्रांच्या आसांखाली माणकं आहेत का बघ. रत्नात भोक पाडून आस टेकवायची पद्धत लंडनमध्ये 1704 च्या पेटंटपासून सुरू झाली. ‘1680 चं, माणकांसह’ असं कुणी म्हणालं, तर ती माणकं कधी बसवली ते विचारायचं.

आता घड्याळांपलीकडच्या जुन्या शोभेच्या वस्तूंचं थोडक्यात. चिनी पोर्सेलिनच्या बुडाखालचा शिक्का म्हणजे जन्मतारीख नव्हे. कांगशी सम्राटाच्या काळातल्या, म्हणजे 1662 ते 1722 मधल्या कित्येक भांड्यांवर पंधराव्या शतकातल्या चेंगहुआ कारकिर्दीचा शिक्का आहे, आणि कांगशीचा शिक्का एकोणिसाव्या शतकातल्या भांड्यांवर सर्रास. हॉलंडमधल्या डेल्फ्टची निळी भांडी पोर्सेलिन नाहीतच, ती पांढऱ्या झिलईची माती. कडा टवकलेल्या असतात आणि खालची पिवळट माती दिसते. एकही टवका नसलेल्या डेल्फ्टकडे मी जरा संशयानेच बघतो. सोनं आणि स्फटिकाच्या राजेशाही चषकांना तर लांबूनच रामराम ठोक. जर्मनीतल्या आखेनचा सोनार राइनहोल्ड फास्टर्स एकोणिसाव्या शतकात असे ‘जुने’ चषक इतके बेमालूम बनवायचा की मोठमोठ्या संग्रहालयांनी ते घेतले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पडून असलेल्या त्याच्या आराखड्यांवरून 1979 च्या सुमारास हे उघड झालं. कासवाचं कवच किंवा हस्तिदंत असलेली वस्तू सीमेपलीकडून आणायची असेल तर परवान्याचं आधी विचार, पैसे नंतर दे. घड्याळांच्या बाहेरच्या डब्यांवरही कासवाचं कवच असतं, हे विसरायला होतं.

सुरुवात पूर्ण घड्याळाने करू नकोस. सतराव्या शतकाच्या अखेरचं, डबी हरवलेलं सुटं यंत्र घे. त्याला गिऱ्हाईक कमी, आणि शिकायला तेवढं पुरतं. जोडीला डोळे तयार करायला लंडनचं ब्रिटिश म्युझियम आहे, तिथे 1958 मध्ये आलेला इल्बर्ट यांचा घड्याळांचा संग्रह आहे. जिनिव्हाचं पाटेक फिलिप संग्रहालय आहे. जाणं जमलं नाही तर संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरचे फोटो मोठे करून बघ, मागच्या पत्र्यांचे आवर्जून.

घेतलेल्या यंत्राला उत्साहाच्या भरात चावी देऊ नकोस. साखळी तुटली तर आत सपकन फिरते आणि दाते घेऊन जाते. पितळ घासून चकचकीत तर मुळीच करू नकोस. तो मुलामा पाऱ्यात सोनं कालवून, पारा उडवून चढवलेला आहे. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने ते काम आज सहजासहजी कुणी करून देत नाही, आणि गेलेला थर परत येत नाही. दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढ. काय बदलणार ते कारागिराकडून लिहून घे. काढलेला प्रत्येक भाग, मोडका स्क्रूसुद्धा, परत मागून घे आणि तारखेची चिठ्ठी लावून त्याच यंत्रासोबत ठेव.

बाकी भेटीअंती. कळावे.