वाचक विचारतात : कॉम्प्युटरचा पडदा कॅसेटवर

प्रश्न : आमच्या क्लाससाठी मराठीतून हिशेबाचे धडे स्कॅन कन्व्हर्टर (कॉम्प्युटरचं चित्र टीव्हीच्या चित्रात बदलणारा डबा) लावून व्हीसीआरवर रेकॉर्ड केले. मॉनिटरवर अक्षरं स्वच्छ दिसतात. टीव्हीवर मात्र ओळी थरथरतात आणि अनुस्वार गायब होतात. कन्व्हर्टर बदलावा का?
– राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : घाई करू नका. थरथरते आहे ती शिरोरेषा.

मॉनिटर पडद्यावरच्या सगळ्या ओळी एका दमात वरून खाली काढतो, ६४० बाय ४८० पिक्सेलांवर साधारणपणे सेकंदाला ६० वेळा. आपला काचेच्या नळीचा, पाल पद्धतीचा टीव्ही ६२५ ओळींचं चित्र दोन फेऱ्यांत काढतो : एका फेरीत विषम ओळी, दुसरीत सम. अशा फेऱ्या सेकंदाला ५०. एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ यांपैकी एकाच फेरीत सापडते, म्हणजे सेकंदाला २५ वेळाच उजळते, आणि तेवढ्यानं डोळ्याला लुकलुक जाणवते. इंग्रजी अक्षरांत आडव्या रेघा तुटक असतात. मराठीत शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघच रेघ, म्हणून अख्खी ओळ हलल्यासारखी वाटते. इंग्रजी मजकुरावर कन्व्हर्टर तपासून घेतला असेल तर हा दोष दुकानात दिसणारच नाही.

उपाय फॉन्टपासून सुरू करा. पडदा ६४० बाय ४८० वर आणा, अक्षर ठळक आणि २४ पॉइंटच्या आसपास ठेवा. मग प्रिंट स्क्रीनची कळ दाबून चित्र पेंटमध्ये चिकटवा, ८ पट मोठं करा आणि शिरोरेषेच्या जाडीत किती चौकोन येतात ते मोजा. दोन हवेतच, तीन असतील तर उत्तम. एका पडद्यावर आठ-दहा ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. धडा लांबला तरी चालेल.

कन्व्हर्टरवर फ्लिकर फिल्टर असेल तर तो मधल्या पायरीवर ठेवा. हा फिल्टर शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतो, त्यामुळे थरथर थांबते. पण पूर्ण वाढवला की बारीक रेघा पुसट होतात. ‘ष’च्या पोटातली रेघ गेली की ‘प’ उरतो. हिशेबाच्या धड्यात ‘शेष रक्कम’ची ‘शेप रक्कम’ झालेली चालणार नाही.

अनुस्वाराचं कारण वेगळं. साध्या व्हीएचएस (व्हीसीआरच्या नेहमीच्या) कॅसेटवर आडव्या दिशेनं, शेजारी-शेजारी सुमारे २४० उभ्या रेषांचाच तपशील टिकतो. हे माप चित्राच्या उंचीइतक्या रुंदीचं. पूर्ण रुंदीला धरलं तर ३२०च्या आसपास, म्हणजे तुमच्या ६४० पिक्सेलांच्या निम्मं. एका पिक्सेलचा ठिपका त्यात विरून जातो. ८०० बाय ६०० वर नेलं तर आणखी बिघडेल.

शिवाय नळीचे बहुतेक टीव्ही चित्राच्या कडा झाकतात, प्रत्येक बाजूनं पाच टक्के किंवा त्याहून जास्त. स्टार्टचं बटण दिसत नसेल तर कन्व्हर्टरवर अंडरस्कॅनची (चित्र आक्रसून कडेच्या आत आणण्याची) सोय आहे का बघा. नसेल तर कामाच्या खिडक्या कडेपासून आत ओढा.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये एक फिकट आडवा पट्टा हळूहळू वर सरकतो. केबल बदलून पाहिली, फरक नाही.
– इचलकरंजी

उत्तर : हा अर्थिंगचा फेरा दिसतो. कॉम्प्युटरला तीन पिनच्या प्लगमधून घरची अर्थ मिळते, व्हीसीआरला केबल टीव्हीच्या वायरीतून दुसरीकडची. दोन्हींत थोडा फरक असला की ५० हर्ट्झचा प्रवाह चित्राच्या वायरीतून फिरतो. व्हीसीआरच्या अँटेना सॉकेटमधली वायर उपसून बघा. पट्टा गेला तर निदान पक्कं. एव्ही इनमधून (चित्र-आवाजाच्या थेट सॉकेटमधून) रेकॉर्ड करताना त्या वायरीची गरजच नसते. तरीही राहिला तर कॉम्प्युटर, कन्व्हर्टर आणि व्हीसीआर एकाच बोर्डावर घ्या. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका. पट्टा जाईल, पण कॅबिनेटमध्ये करंट उतरला तर जीवावर बेतेल.

प्रश्न : कास्टिंगची ऑटोकॅडवर (नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर) काढलेली ड्रॉइंग गिऱ्हाइकाला कॅसेटवर पाठवायची आहेत. काळ्यावरच्या लाल रेघा फिसकटतात, हॅचिंगवर (भाग भरायच्या जवळजवळच्या तिरक्या रेघांवर) इंद्रधनुष्य उमटतं.
– शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : व्हीएचएसवर रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कितीतरी कमी, आडव्या दिशेनं सुमारे ४० रेषांइतका. म्हणून गडद लाल रेघ शेजारी ओघळते. रेघा पिवळ्या किंवा फिकट राखाडी करा, जाडी दोन-तीन पिक्सेल, पाठीमागे गडद निळा. झगझगीत पांढरा टाळा, तोही पसरतो.

इंद्रधनुष्य चित्राच्या वायरीच्या पिवळ्या, आरसीए नावाच्या पिनमुळे येतं. त्या एकाच वायरीत उजेड आणि रंग एकत्र जातात, आणि पालमध्ये रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर बसतो. ६४० पिक्सेल पूर्ण रुंदीला असताना साधारण तीन-तीन पिक्सेलांवरच्या उभ्या किंवा तिरक्या रेघा तेवढ्याच फ्रिक्वेन्सीच्या होतात, मग टीव्ही त्यांना रंग समजतो. हॅचिंगचं स्केल वाढवून रेघांत आठ-दहा पिक्सेल अंतर पाडा. एस-व्हीएचएस डेक (जास्त तपशील टिपणारा व्हीसीआर) भाड्यानं मिळत असेल तर उजेड आणि रंग वेगळे नेणाऱ्या एस-व्हिडिओ वायरीनं त्यावर मूळ प्रत करा आणि तिच्यावरून साध्या कॅसेट काढा. अख्खं ड्रॉइंग एकदाच दाखवा. मापं वाचायची तिथे एकेक भाग झूम करून किमान दहा सेकंद थांबा.

प्रश्न : कन्व्हर्टर जोडला की टीव्ही काळाच राहतो.
– गडहिंग्लज

उत्तर : रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला पडदा किती वेळा काढला जातो तो आकडा, बहुधा ७५ किंवा ८५ असेल. कन्व्हर्टर काढून, मॉनिटर थेट जोडून तो ६० करा आणि मग कन्व्हर्टर लावा. लॅपटॉप असेल तर एफएन कळीसोबत पडद्याचं चित्र असलेली कळ दाबून बाहेरचा पडदा चालू करावा लागतो.

प्रश्न : कन्व्हर्टर नाही. कॅमेऱ्यानं मॉनिटरचंच शूटिंग केलं तर?
– कागल

उत्तर : ६० किंवा ८५ हर्ट्झवर काळे पट्टे फिरतील. मॉनिटर झेपत असेल तर १०० हर्ट्झ करा आणि पाल कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवा. कॅमेऱ्याच्या प्रत्येक फेरीत पडदा बरोबर दोनदा उजळतो आणि पट्टा जवळजवळ नाहीसा होतो. खोलीतले दिवे बंद, कॅमेरा स्टँडवर, फोकस हातानं. काचेचा फुगवटा कडेला जाणवेलच, म्हणून मजकूर मध्यावर घ्या.