स्वतंत्र भारताच्या पहिल्या फुटबॉल कर्णधाराचे पुढे काय झाले?

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अनवाणी खेळलेल्या भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार कोण होते, आणि खेळ सुटल्यावर ते विस्मृतीत गेले का, असे आपण विचारले आहे. त्यांचे नाव डॉ. तालिमेरेन आओ. नावाआधीच्या त्या 'डॉ.'मध्ये आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दडलेले आहे, आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर नऊ वर्षे काढलेला डॉक्टर म्हणून मला त्यांच्या आयुष्यातला तो भाग सामन्यांपेक्षा मोठा वाटतो.

त्यांचा जन्म १९१८ साली नागा टेकड्यांतील चांगकी गावचा. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १९३५ मध्ये ते विषमज्वराने गेले, आणि मुलाने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा आओ यांनी जपली. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजातून ते कोलकात्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर महाविद्यालयात, दाखल झाले आणि शिकता शिकता मोहन बागानकडून खेळू लागले, पुढे त्या संघाचे कर्णधारही झाले. मी धुळ्याला वैद्यकीय शिक्षण घेत असताना शरीररचनाशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेच्या धास्तीने फुटबॉलला रामराम ठोकला होता. त्यामुळे हा माणूस वैद्यकीचा विद्यार्थी असतानाच देशाचे नेतृत्व करत होता, हे वाचून मी ओशाळलो होतो.

लंडनच्या उद्घाटन सोहळ्यात भारताचा ध्वज त्यांच्याच हाती होता. ३१ जुलै १९४८ रोजी इलफर्डच्या मैदानावर फ्रान्सशी गाठ पडली. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधून दिली, पण अगदी शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने दुसरा गोल करून सामना २-१ असा जिंकला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्याचे कारण निव्वळ गरिबी नव्हते, ती सवयही होती. आमच्याकडे आषाढात काळ्या मातीच्या मैदानावर जो खेळला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही: दहा पावलांत बुटाला इतका चिखल चिकटतो की पाय उचलत नाही, आणि पोरे मुकाट्याने बूट बांधावर काढून ठेवतात. याविषयी विचारल्यावर "आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल" असे आओ यांनी सुनावल्याची आठवण सांगितली जाते. आर्सेनल या इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबकडून त्यांना बोलावणे आल्याची हकिगतही सर्वत्र ऐकू येते.

ते मात्र परतले आणि १९५० मध्ये एम. बी. बी. एस. झाले. दिब्रुगडच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात काम करून ते कोहिमाच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये गेले. १९६३ मध्ये नागालँड राज्य झाले; त्या राज्याच्या आरोग्य सेवेचे संचालकपद त्यांनी पुढे सांभाळले आणि १९७८ मध्ये ते निवृत्त झाले. डोंगरी भागातल्या आरोग्य खात्याचे काम बाहेरून रूक्ष दिसते. पावसात घाटाचा रस्ता खचला, वीज गेली आणि लसींच्या शीतपेटीतला बर्फ वितळू लागला की वरच्या कार्यालयात फोन उचलणारा माणूस डोंगर पाहिलेला असावा, असे मला दर पावसाळ्यात वाटे. आओ तर त्याच डोंगरातले होते. म्हणूनच त्यांनी व्यावसायिक खेळाडू व्हायला हवे होते, अशी हळहळ कोणी व्यक्त केली की मला ती पटत नाही.

१३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. विस्मृतीचे म्हणाल, तर महाराष्ट्रात ते जवळजवळ अपरिचितच आहेत. भुसावळला रेल्वेच्या मैदानावर नियमित खेळणाऱ्यांनाही मी विचारून पाहिले, तर एकालाही नाव सांगता आले नाही. आसामात कालियाबोरचे मैदान आणि कॉटन कॉलेजचे बंदिस्त क्रीडागृह मात्र त्यांच्या नावाने ओळखले जाते, आणि ईशान्येकडील राज्यांसाठी त्यांच्या नावाची फुटबॉल स्पर्धाही भरवण्यात आली आहे.